गोकुळचा नंबर

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर कुणालाही विचारा, सोम्याची वर्षा कशी आहे, तर सांगतील, शिकलेली आहे पण फटकळ आहे. गोकुळ माझा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो कधीच तापायचा नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आम्हा दोघांत एक लॅपटॉप होता. गोकुळ जव्हारला एका दुकानात कामाला होता, तिथून त्याने तो जुनाच घेतलेला. त्यात आमची दोन खाती होती, एक त्याचं, एक माझं. सुरुवातीला दोघांनाही सगळं करता यायचं. मग एकदा मी त्याला न विचारता काहीतरी नवीन टाकलं, जुनं काढलं, आणि त्याचं तीन दिवसांचं काम बंद पडलं. तो ओरडला नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला, दहा मिनिटं काहीतरी करत बसला आणि म्हणाला, "आता यात काही टाकायचं-काढायचं असेल तर मला विचारायचं. पासवर्ड मी टाकणार."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी काम अडलं तेव्हा गेले मुकाट्याने. "तोंड फिरव," म्हणाला. मी तोंड फिरवलं, त्याने पासवर्ड टाकला. तेव्हापासून तेच सुरू झालं. दिवसातून चार वेळा, "तोंड फिरव, वर्षे." आणि मीही हट्टाने फिरवायचे. एकदाही चोरून बघितलं नाही. दाखवत नाही ना, मग मला बघायचाच नाही! कसला एवढा ताठा होता मला, देव जाणे.

उन्हाळ्यात आमच्याकडे विहिरी आटतात आणि टँकर येतो. टँकर कुठल्या पाड्यावर कधी आला, कुणाची पाळी चुकली, यावरून बायकांची रोज भांडणं. आम्ही दोघांनी त्याचंच सॉफ्टवेअर केलं. रेंज नसली तरी फोनवर नोंद करायची, रेंज मिळाली की सगळ्या पाड्यांच्या नोंदी एका जागी जमा. मी माझ्या खात्यात तुकडे लिहायचे, गोकुळ ते त्याच्या खात्यात नेऊन जोडायचा आणि चालवून बघायचा. चालवायला जे काय लागतं ते सगळं त्याच्याकडेच मांडलेलं होतं.

या कामाच्या जोरावर ठाण्याच्या एका कंपनीत माझे दोन इंटरव्ह्यू झाले. तिसरा शेवटचा होता. सोमवारी अकरा वाजता व्हिडिओवर, आपल्या मशीनवर सगळं चालवून दाखवायचं. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर दिवाळीनंतर बा आणि आयबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर. लहानपणी दोन वर्षं मी तिथं काढली आहेत. तिथल्या धुराचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. गोकुळने स्वतः अर्जच केला नव्हता. "एकानं घरी राहायला पाहिजे. तू जा," म्हणाला. मी साधं हो-नाहीसुद्धा केलं नाही. लगेच अर्ज भरायला बसले.

बुधवारी संध्याकाळी तो वरच्या कातळावर गेला. आमच्या पाड्याला रेंज तिथंच मिळते. सोमवारी कंपनीचे लोक नक्की काय विचारतील ते तो बघणार होता. कातळाच्या कपारीत घोणस होती. जीप मिळेपर्यंत दोन तास गेले आणि मोखाड्याच्या अलीकडेच तो गेला. फोन त्याच्या मुठीतच होता. बाने सोडवायचा प्रयत्न केला, पण मूठ सुटली नाही, मग राहू दिला.

आमच्यात लग्न न झालेल्याला पुरतात. आणि माणसाबरोबर त्याची एक वस्तू देतात, ज्याच्यावर त्याचा हात जास्त फिरला ती. आजोबाबरोबर कोयता दिला होता, आजीबरोबर तंबाखूची डबी. वस्तू ठेवायची ती बहिणीने, नाहीतर मुलीने. गुरुवारी सकाळी खड्ड्यापाशी आमच्या पाड्याच्या भगताने, लाडक्याने, मला विचारलं, "बाय, काय देतंस भावाला?" मागून कुणीतरी म्हणालं, तो सारखा त्या लॅपटॉपवरच असायचा, तो द्या. माझं डोकं तिथंसुद्धा फिरलं. मेलेला भाऊ समोर आणि मी ओरडले, "लॅपटॉपला कुणी हात लावायचा नाही! फोन दिला मी त्याला. त्याच्या हातातच आहे, तोच त्याचा." लाडक्याने मान हलवली. वरून माती पडली. सिम काढून घ्यावी, हे एवढ्या माणसांत एकाच्याही मनात आलं नाही. बाकीच्यांचं सोडा, मी कॉम्प्युटर शिकलेली, माझ्याही नाही.

शुक्रवारी मी लॅपटॉप उघडला. माझ्या खात्यात माझे तुकडे होते. म्हटलं, सगळं माझ्याच खात्यात नव्याने मांडू, दोन दिवस आहेत. पहिलंच टाकायला गेले आणि पाटी आली. गोकुळने लॅपटॉप मराठीत केलेला, त्यामुळे पाटीही मराठीत. 'तुम्हाला हा बदल करण्याची परवानगी नाही. कृपया तुमच्या प्रशासकाशी संपर्क साधा.'

"साधते संपर्क!" मी मोठ्याने म्हणाले. "कुठं साधू सांग!" आय चुलीपाशी होती. तिने वळून बघितलं आणि परत चुलीत फुंकर घालायला लागली.

त्याची फाइल उघडायला गेले, परवानगी नाही. त्याचा फोल्डर, परवानगी नाही. मग पासवर्ड ओळखत बसले. आयचं नाव, बाचं नाव, पाड्याचं नाव, त्याची जन्मतारीख. शेवटी माझं नाव टाकलं. तेही नव्हतं. खरं सांगते, त्याचं मला वाईट वाटलं. मग मशीनने मला अर्धा तास बाहेरच ठेवलं.

शनिवारी बाला घेऊन मोखाड्याला गेले. तिथं हर्षालीताईंचं मोबाईल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी मशीन उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाल्या, "हे पूर्ण पुसून नव्यानं चालू करून देते तासाभरात. पण आतलं सगळं जाईल. आतल्या फाइलींना त्यानं वेगळं कुलूप लावलंय. ते उघडायचं तर त्याच्या नंबरवर सहा आकडी कोड येतो, तो पाहिजे. नंबर आहे ना?"

"नंबर त्याच्याबरोबर गेला," बा म्हणाला.

मी म्हटलं, दुसरी सिम काढा त्याच नंबरची. तर म्हणाल्या, "ज्याची सिम त्याचा अंगठा लागतो मशीनवर." अंगठा! मला हसूच आलं, आणि हसता हसता रडायला लागले. बा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. हर्षालीताईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, एक वाट आहे, माणूस वारला तर नंबर वारसाच्या नावावर करायचा अर्ज असतो. त्यांनी अर्ज स्क्रीनवर उघडला. "पण थांब, आधी नीट वाचून घे. यात काय होतं ते मी सांगते तुला."

"भाषण नको ताई," मी म्हणाले. "सोमवारी अकराला माझा इंटरव्ह्यू आहे. बाचा अंगठा कुठं लावायचा तेवढं सांगा."

"अगं, पण ऐक तर..."

"लावा म्हटलं ना!"

बाने अंगठा लावला. मी माझ्या हाताने 'ग्राहक मयत' या चौकोनात खूण केली, गोकुळचं पूर्ण नाव भरलं आणि बटण दाबलं. तेव्हा कुठं हर्षालीताई म्हणाल्या की कागद तपासून नंबर मिळायला पंधरा-वीस दिवस लागतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले ते आता सांगायची लाज वाटते. लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडले. त्या मागून हाका मारत होत्या, "वर्षा, अजून एक ऐकून जा गं." मी मागे वळूनही बघितलं नाही.

परतीच्या जीपमध्येच माझ्या मनात आलं. सिम आहे. आमच्या शेताच्या कडेला, आंब्याखाली, तीन हात खाली आहे. सिमला मातीने काय होतंय? पुसायची, माझ्या फोनमध्ये घालायची, मोखाड्याच्या रेंजमध्ये आणायची. कोड येईल, कुलूप उघडेल. मनात आलं आणि मी स्वतःलाच शिव्या दिल्या. पण ते जाईना.

रविवारी मी बोलले. बा उठला आणि बाहेर निघून गेला. लाडक्या भगत बसायला आला होता, त्याने कपाळावर हात मारला. "बाय, दिल्यालं परत घ्यायचं नाय. माणूस वाटंनं चाललेला असतो. परत घेतलंस तर तो तिथंच थांबल, अर्ध्या वाटंत. ना पुढं, ना मागं. तुला चालंल?"

"तो गेलाय," मी ओरडले. "तो कुठंही चाललेला नाही! मला नोकरीला जायचंय!"

आयने माझ्या थोबाडीत मारली. हौशी म्हणजे माझी आय, उभ्या आयुष्यात तिने पोरांवर हात उचलला नव्हता. मग ती नाचणी निवडायला बसली. पण मी ठरवलं होतं. पहाटे उठायचं, कुदळ घ्यायची आणि आपणच जायचं.

सोमवारी उजाडायच्या आत उठले तर कुदळ जागेवर नव्हती. आयचं अंथरूण रिकामं होतं. मी धावत आंब्याखाली गेले. आय गुडघ्यांवर बसून माती परत आत ढकलत होती. हाताने. तिची दोन नखं मोडली होती, पदर मातीने भरला होता. माझ्याकडे न बघता तिने बाजूच्या पानावर ठेवलेला फोन दाखवला.

"त्याची मूठ मलाच सोडवाया लागली," ती म्हणाली. "आधी सुटत नव्हती. मग सांगितलं त्याला. म्हटलं, बहिणीचं काम हाय रे, तिचा शब्द अडलाय. तू थोडा थांब वाटंत, मी संध्याकाळी परत आणून देते. मग सोडली."

मला तिला मिठी मारायची होती, पण तिने हात झटकला. "जा. तो थांबलाय. त्याला लय वेळ थांबवू नको."

पहिल्या जीपने मी मोखाड्याला गेले. फोन पदराने पुसला होता आयने, मी सिम काढून परत पुसली. एसटी स्टँडजवळ उभी राहून माझ्या फोनमध्ये घातली. माझ्या स्वतःच्या सिमला पूर्ण रेंज होती. गोकुळच्या सिमपुढे लिहून आलं, 'सेवा नाही.' काढली, घातली, फोन बंद करून चालू केला. 'सेवा नाही.' मग माझ्या सिमवरून त्याचा नंबर लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली की हा नंबर सेवेत नाही.

हर्षालीताई दुकानाचं शटर वर करत होत्या. मी सिम त्यांच्या हातावर ठेवली. ती कुठून आली ते त्यांना मातीवरून कळलं असावं, कारण त्या एकदम खालीच बसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अगं, शनिवारी मी तेच सांगत होते. माणूस वारला असा अर्ज गेला की आधी तो नंबर बंद करतात. लगेच, त्याच दिवशी. मग कागद तपासून वारसाला देतात. म्हणून म्हणत होते, थांब, वाचून घे. तू मला बोलूच दिलं नाहीस."

शनिवारी दुपारी तो नंबर चालू होता. मी गप्प बसले असते, नाहीतर दोन मिनिटं ऐकून घेतलं असतं, तर तो सोमवारीही चालू असता. मातीखाली तीन हात होता, पण चालू होता. बंद मी केला. नाव-गाव लिहून, खूण करून, बाचा अंगठा लावून.

अकरा वाजता हर्षालीताईंच्याच दुकानात बसून मी व्हिडिओ लावला. समोर एक बाई आणि एक साहेब होते. मी माझे तुकडे दाखवले, तोंडाने सगळं समजावलं. साहेब म्हणाले, छान आहे, आता चालवून दाखवा. मी खरं ते सांगितलं. भावाच्या खात्यात आहे, पासवर्ड त्यालाच माहीत होता, तो बुधवारी वारला. बाई म्हणाल्या, आम्हाला फार वाईट वाटतं, पण बाकी सगळ्यांनी चालवून दाखवलंय, तुम्ही पुढच्या वर्षी नक्की या. चांगली माणसं होती. मला भांडायचं होतं आणि भांडायला कुणी सापडेना. लॅपटॉपवर ती पाटी अजून तशीच होती, प्रशासकाशी संपर्क साधा.

संध्याकाळी जीपमधून उतरले तर आय फाट्यावर उभी. डोक्यावर ऊन घेत कधीपासून उभी होती कोण जाणे. हातांना फडकं गुंडाळलेलं.

"बोलला?" तिने विचारलं.

मी वाटभर ठरवून आले होते की खरं सांगायचं. पण तिचे हात बघितले. कामच झालं नाही म्हटलं असतं तर तिने लेकाची मूठ कशासाठी सोडवली होती? त्याला वाटेत कशासाठी थांबवलं होतं?

"बोलला आय," मी म्हणाले. "काम झालं."

"काय बोलला?"

"आकडे. सहा आकडे पाठवले त्याने. त्यानेच कुलूप उघडतं."

"कोणते?"

तोंडाला आले ते सहा आकडे मी सांगितले. तिने ते परत म्हणून घेतले, बोटांवर मोजून, दोनदा. मग आम्ही आंब्याखाली गेलो. फोनमध्ये सिम परत घातली आणि तो डोक्याच्या बाजूला मातीत दिला. आय वाकून म्हणाली, "झालं रे काम. जा आता पुढं."

नोकरी पुढच्या वर्षी देणार आहेत, असं मी घरी सांगितलं. ते अगदीच खोटं नाही. बाने एवढंच विचारलं, "दिवाळीनंतर मग भट्टीवरच ना?" मी हो म्हटलं.

तेवीस दिवसांनी नंबर बाच्या नावावर झाला. हर्षालीताईंनी नवी सिम दिली, मी ती माझ्या फोनमध्ये घातली आणि कोड आला. खरे सहा आकडे आले. लॅपटॉप उघडला. त्याच्या खात्यात सगळं जिथल्या तिथं होतं, मांडलेलं, जोडलेलं. चालू केलं तर पहिल्या झटक्यात चाललं. तोवर पाऊस लागला होता आणि टँकर बंद झाले होते. ते दाखवायला कुणीच नव्हतं.

आय रोज सकाळी आंब्याखाली पाणी ठेवते आणि ते आकडे म्हणते. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिच्यासाठी तो त्याचा शेवटचा बोल आहे. काल ती पाणी ठेवून तशीच परत आली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. चेहरा घाबरलेला.

"वर्षे, चार, एक, सात... त्याच्या पुढं काय बोलला होता तो? माझ्या डोक्यातून गेलं बघ."

मी आठवून बघितलं. मला खरे आकडे आठवले, नंतर आले ते, सगळे सहा. आयला सांगितलेले काही केल्या आठवेनात. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तोंड फिरवलं.